शरणपूरचे गणगोत

भिवंडी तालुक्यातले वडपे आज गोदामांमुळे आणि रस्त्यांमुळे ओळखले जाते. मुंबई-नाशिक महामार्गाच्या रुंदीकरणाच्या बातम्यांत 'माजिवडा ते वडपे' हे शब्द वर्षानुवर्षे येत राहिले. 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, तेव्हापासून नागपूरकडची वाहतूकही याच परिसरात येऊन मिळते. जुनी माणसे मात्र या रस्त्याला अजून आग्रा रोडच म्हणतात. या रस्त्याने माल आला तशी माणसेही आली. 1857 नंतर उत्तर हिंदुस्थानातून मोमीन विणकर भिवंडीत आले, पुढे तेलंगणातले पद्मशाली आले, आणि आता गोदामांत उत्तर प्रदेश-बिहारचे हमाल आणि ड्रायव्हर दिसतात. गणगोत मागे ठेवून आलेल्या या माणसांबद्दल एक उत्तर ठरून गेलेले आहे: शाळा आणि प्रार्थनास्थळ मिळाले की कुटुंब रुजते, नातेवाइकांची उणीव भरून निघते. मला हे उत्तर अर्धेच खरे वाटते. शाळा, चर्च, देऊळ, मशीद नातेवाइकांची कामे करू शकतात, पण नातेवाईक होऊ शकत नाहीत. नातेवाईक होतात ती तिथे जमलेली माणसे, एकमेकांची. आणि संस्थेची पारख करायची तर या नव्या नात्यांना ती आपल्या मुठीबाहेर किती जाऊ देते, यावरून करावी. हे तपासायला याच आग्रा रोडवर शंभर-सव्वाशे किलोमीटर पुढे, नाशिकला जावे लागते.

नाशिकचा शरणपूर रोड सगळ्यांना माहीत आहे. ज्या वस्तीवरून त्याला नाव पडले तिचा इतिहास फारसा कोणाला माहीत नसतो. चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशिकमध्ये 1832 पासून होते. 1854 मध्ये विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने गावाबाहेर शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसवली. कल्पना साधी होती. बाप्तिस्मा घेतला की माणूस वाळीत पडे. त्याला घर, काम आणि शेजार एका जागी मिळाला पाहिजे. म्हणून तिथे चर्च होते, शाळा होती, अनाथाश्रम होता, सुतारकाम आणि लोहारकाम शिकवणारे कारखाने होते. 1860 च्या सुमारास या वस्तीत आणखी एक गट आला. अरबी समुद्रात आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ब्रिटिश आरमार गुलामांची गलबते पकडत असे. त्यांतून सोडवलेली काही मुले मुंबईला उतरवली जात. मुंबईत चार्ल्स आयझेनबर्ग हे त्यांच्याकडे पाहत. पूर्वी ते इथिओपियात मिशनरी होते. पुढे या मुलांचा आश्रम शरणपूरला हलवला गेला. कसारा घाटातली रेल्वे 1865 ला सुरू झाली, तोवर घाट चढायला आग्रा रोडशिवाय दुसरी वाट नव्हती. याओ आणि इतर जमातींची ही मुले अशी गोदाकाठी येऊन मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या शेजारी वाढू लागली.

आपल्याकडे गणगोत नेमके काय करते? बारशाला आत्या नाव ठेवते, बाप किंवा चुलता धंदा शिकवतो, मामा सोयरिकीसाठी चार घरे धुंडाळतो, वडिलार्जित जमिनीत वाटा मिळतो, आणि शेवटी खांद्याला चार माणसे येतात. शरणपूरच्या मुलांच्या बाबतीत ही कामे एकेक करून संस्थेकडे गेली. नावांपासून पाहा. या आश्रमातून पुढे आलेल्या मुलांची नावे सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, कॅरस फॅरार अशी आहेत. प्राइस हा शरणपूरचा संस्थापक, आयझेनबर्ग मुंबईचा पालक आणि फॅरार नाशिकच्या मिशनचा पहिला मिशनरी. म्हणजे वंशाच्या नावाची रिकामी जागा पाद्र्यांच्या आडनावांनी भरली गेली. धंदा कारखान्यातल्या मिस्त्रीने शिकवला. लग्ने आश्रमातल्याच मुलामुलींची, मिशनऱ्यांच्या संमतीने होत. कागदावर पाहिले तर व्यवस्था पुरी होती. संस्था माय-बाप झाली, असे म्हणण्याचा मोह होतो तो इथेच.

मराठी कुटुंबांच्या बाबतीतही चित्र फार वेगळे नव्हते, फक्त तुटण्याची रीत निराळी होती. 1843 मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांचा बाराएक वर्षांचा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता. कोर्टाने त्याला बापाच्या हवाली केले. पण तो मिशनऱ्यांच्या पंगतीला जेवलेला, म्हणून त्याला जातीत परत घ्यायचे की नाही यावर मुंबई ढवळून निघाली. घ्यावे म्हणणाऱ्यांत बाळशास्त्री जांभेकर होते. मुलगा घरी आला तरी घर त्याला घेईना, अशी ती गत. 1850 चा एकविसावा कायदा झाला, धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही असे ठरले. पण कायद्याने जमीन मिळते, पंगत मिळत नाही. नारायण शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ बेथेल नावाचे ख्रिस्ती गावच वसवले, ते उगीच नाही. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट तर मराठी वाचकाला पाठ आहे. 1895 मध्ये नारायण वामन टिळकांनी मुंबईला बाप्तिस्मा घेतला; लक्ष्मीबाईंनी नंतरची काही वर्षे नातलगांत काढली, मग नवऱ्याकडे गेल्या आणि 1900 मध्ये ख्रिस्ती झाल्या. त्यांच्या नगरच्या घरात दुष्काळातली अनाथ मुले वाढली. मिशनचा आधार त्यांना होता, पण त्या मुलांचे जेवणखाण, दुखणीखुपणी आणि रागलोभ एका बाईने घरात ओढून घेतले होते. 'स्मृतिचित्रे' संस्थेपेक्षा माणसांनी भरलेले आहे, हे माझ्या म्हणण्याच्या बाजूने जाते.

शरणपूरच्या आफ्रिकन मुलांकडे परत येऊ. 1865 मध्ये आफ्रिकेचा शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबई इलाख्यात आला आणि नव्या मोहिमेसाठी त्याने नाशिकहून नऊ मुले घेतली. त्यांच्याबद्दल त्याचे मत काही फार चांगले राहिले नाही. आळस आणि कुरकुरीच्या तक्रारी त्याच्या रोजनिशीत आहेत, आणि बरीच मुले वाटेत सोडून गेली. 1872 मध्ये पत्रकार स्टॅन्लेने झांझिबारहून त्याच्यासाठी माणसांची नवी तुकडी धाडली, त्यात पुन्हा नाशिकचे काही जण होते: जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फॅरार वगैरे. मे 1873 च्या आरंभी आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. पुढचे काम या लोकांनी कोणी न सांगता केले. काळीज आणि आतडी एका झाडाखाली पुरली. जेकबने प्रार्थनापुस्तकातली अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली. देह मीठ लावून उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला आणि किनाऱ्याकडे निघाले. वाटेत उन्यान्येंबे येथे कॅमेरॉन या इंग्रज अधिकाऱ्याने सुचवले की इथेच पुरून टाका. त्यांनी ऐकले नाही. सुमारे नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी 1874 मध्ये, ते बागामोयोला पोचले. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये दफन झाले, तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत जेकब वेनराइट होता.

या प्रसंगाला इंग्रजी पुस्तकांत 'स्वामिनिष्ठा' असे नाव मिळाले आणि तेच रूढ झाले. मला ते अपुरे वाटते. मेलेल्या धन्याकडून काही मिळण्याची आशा नव्हती, आणि जिवंत इंग्रज अधिकाऱ्याचा सल्ला त्यांनी धुडकावला. परक्या मुलखात मेलेल्याला त्याच्या माणसांपर्यंत पोचवणे हे गोतावळ्याचे काम आहे. ते करण्यासाठी लागणारी अक्षरओळख आणि प्रार्थनेचे शब्द शरणपूरच्या शाळेने व चर्चने दिले. निर्णय मात्र त्या तांड्याने घेतला, आणि त्यात नाशिकची मुले, झांझिबारचे हमाल आणि लिव्हिंग्स्टनचा झांबेझीकाठचा सोबती सुसी असे सगळे होते. तिथे ना मिशनरी होता ना मिस्त्री.

यावर पहिला आक्षेप रक्ताच्या नात्याचा, आणि तो हलका नाही. लिव्हिंग्स्टनबरोबर मुंबईच्या डॉ. विल्सन यांच्या शाळेतली आणखी दोन याओ मुले होती, चुमा आणि विकतानी. 1866 च्या सप्टेंबरात न्यासा सरोवराच्या बाजूला विकतानीला आपला भाऊ भेटला. त्याने जराही न घुटमळता तिथेच राहायचे ठरवले. मुंबईची शाळा, बाप्तिस्मा, नवे कपडे, सारे मागे राहिले. मग संस्थेने काय साधले? माझे उत्तर असे की विकतानी माझ्या म्हणण्याला छेद देत नाही. संस्था नातेवाईक होऊ शकत नाही, हेच तो दाखवतो. त्याच्या हातात असलेले दोन पर्याय मात्र नजरेआड करू नयेत. चुमा त्याच वेळी, त्याच मुलखात, सोबत्यांबरोबर पुढे गेला आणि सात वर्षांनी चितांबोहून देह उचलणाऱ्यांच्या पुढे होता. एकाला रक्ताचे गोत सापडले, दुसऱ्याने वाटेत बनलेले धरले. गोताशिवाय दोघेही राहिले नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक कडक आहे: ही मुले स्वतःहून आली नव्हती, त्यांची नावे बदलली, धर्म ठरवून दिला, लग्ने ठरवून दिली; याला कुटुंबजीवन म्हणणे म्हणजे सक्तीला मखमल चढवणे. हे बहुतांशी मान्य करायला हवे. सात-आठ वर्षांच्या मुलाला निवड कसली? पण पुढे काय झाले तेही पाहावे. 1860 च्या दशकातच विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर, जॉर्ज डेव्हिड असे काही जण मोंबासाजवळच्या राबाईला परतले. 1873 मध्ये झांझिबारचा गुलामबाजार बंद झाला. त्यानंतर प्राइस स्वतः तिकडे गेला, आणि मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावाने फ्रिअर टाउन ही वसाहत उभी राहिली. सुमारे 150 लोक शरणपूर-मुंबईहून तिथे गेले. त्यांना तिथे 'बॉम्बे आफ्रिकन' हेच नाव पडले. ते शिक्षक, दुभाषे, सुतार, धर्मोपदेशक झाले, आणि पगारावरून, मानपानावरून गोऱ्या मिशनऱ्यांशी त्यांचे खटके उडू लागले. संस्थेने वाढवलेले लोक संस्थेशी भांडू लागले, आणि भांडताना एकत्र उभे राहिले. मिशनच्या कागदपत्रांत ही कटकट म्हणून नोंदलेली आहे. मला ती त्या समाजाच्या वयात येण्याची नोंद वाटते. बिशप हॅनिंग्टनचा 1885 मध्ये युगांडाच्या वाटेवर खून झाला तेव्हा उरलेला तांडा राबाईपर्यंत परत आणला तो विल्यम जोन्सने. मॅथ्यू वेलिंग्टन 1935 मध्ये मोंबासाला वारला. लहानपणी सारे नातलग हरवलेला तो मुलगा म्हातारपणी एका समाजाचा वडीलधारा होता.

तिसरा आक्षेप वडप्याचा माणूसच घेईल: गुलामीतून सुटलेली पोरे कुठे आणि गावाकडे मोबाइलवर रोज बोलणारा, दिवाळी-छठला रेल्वेत उभ्याने जाणारा गोदामातला कामगार कुठे? फरक आहेच. त्याचे गोत तुटलेले नाही, लांब आहे. तरी रोजची कामे तीच उरतात: पोराला ताप आला तर रात्री कोणाकडे ठेवायचे, बाळंतपणाला कोण येणार, शाळेच्या अर्जावर पालक म्हणून सही कोणाची. भिवंडीच्या पद्मानगरात तेलुगू कुटुंबांनी हे आपापसांत सोडवले. आपल्या भाषेची शाळा आणि आपले देऊळ ही त्या वस्तीची मागणी होती, वरून आलेली देणगी नव्हती. उलट टोकाला याच तालुक्यातल्या वीटभट्ट्या आहेत. कातकरी-वारली कुटुंबे दिवाळीनंतर भट्टीवर येतात, कच्च्या विटांच्या भोंग्यात राहतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसद या संस्थेने 1990 च्या दशकात त्यांच्या मुलांसाठी भट्टीवरच भोंगाशाळा सुरू केल्या, तेव्हा शाळा मुलाच्या मागे गेली. मराठवाड्यात ऊसतोडणीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय झाली, तिथे मूल आजी-आजोबांच्या गावातच राहते. दोन्ही प्रयोग शरणपूरपेक्षा एका गोष्टीत पुढे आहेत: मुलाला वाढवण्यासाठी त्याला त्याच्या माणसांपासून तोडावे लागत नाही. शरणपूरच्या मिशनऱ्यांपुढे तो पर्याय नव्हता. आपल्यापुढे आहे.

या सगळ्याचा पुरावा मात्र नाजूक आहे. शरणपूरच्या लोकांबद्दल आज काही सांगता येते, कारण बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदी, मिशनची पत्रे, जेकबची दैनंदिनी टिकली. गोदामांच्या पट्ट्यातल्या कुटुंबांसाठी असा एकच कागद आहे, शाळेचे जनरल रजिस्टर: मुलाचे नाव, मातृभाषा, जन्मगाव, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण. रुंदीकरणात शाळेची इमारत हलते, खोल्या पाडल्या जातात, तेव्हा ही रजिस्टरे रद्दीत जाऊ शकतात. वडपे आणि आसपासच्या गावांतल्या मुख्याध्यापकांनी आणि ग्रामपंचायतींनी ती आताच स्कॅन करून ठेवावीत.