भूमिआच्छादक वनस्पती, परसबागेतील (गोंदिया जिल्हा)

जमिनीलगत पसरून माती झाकणाऱ्या बुटक्या किंवा वेलवर्गीय वनस्पती. धानाच्या या जिल्ह्यात पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्ये पडतो आणि मे महिन्यात पारा ४५° से.च्या आसपास जातो. सरींच्या माऱ्यापासून माती राखणे व उन्हाळ्यात ओल टिकवणे ही दोन्ही कामे सांदवाडीतील या वनस्पती करतात.

प्रसार : आवर कसा घालायचा हे पसरण्याच्या रीतीवरून ठरते. रताळे, ब्राह्मी (बॅकोपा मोनिएरी), जलपिंपळी (फायला नोडीफ्लोरा) व पिवळ्या फुलांची वेडेलिया (स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा) यांच्या पेरांना मातीचा स्पर्श होताच मुळे फुटतात. हरळी व पुदिना जमिनीखालच्या खोडांनीही सरकतात. घोळ व आंबुशी मुख्यतः बियांवर वाढतात. घोळीचे एक झाड हजारो बिया देते, तर आंबुशीची पक्व बोंडे तडकून बी दूर उडते.

लागवड : पहिल्या चांगल्या पावसानंतर, वाफा तणमुक्त करून, कलमे २०–३० सेंमी. अंतरावर लावतात. ब्राह्मी व जलपिंपळीला मोरीच्या पाण्याची ओल मानवते. रताळ्याला निचऱ्याची जमीन व ऊन लागते. रताळे आणि घोळ यांचा पाला भाजीला येतो, म्हणून घरच्या बागेत त्यांना पहिली पसंती द्यावी. पावसाळ्यात दाट पाल्यात साप-विंचू दडतात. त्यामुळे भिंतीलगतचा व पायवाटेचा पट्टा मोकळा ठेवावा.

नियंत्रण : पुदिना कुंडीतच लावणे सर्वांत सोयीचे. पेरांनी पसरणाऱ्या वेलींच्या कडा पावसाळ्यात दर पंधरवड्याला छाटाव्यात. घोळ व आंबुशी फुलोऱ्यापूर्वी उपटावी. हरळीवर नुसते खुरपे चालवल्याने तिचे तुकडे होऊन ती वाढते. माती खोल उकरून खोडे वेचावी लागतात. एप्रिल-मेमध्ये ओल्या वाफ्यावर पारदर्शक प्लास्टिक ४ ते ६ आठवडे ताणून ठेवल्यास वरच्या थरातील बरेच तणबी मरते. खोलवरची हरळी मात्र वाचते.

तलावांशी संबंध : जिल्ह्यातील जुने मालगुजारी तलाव आणि शेतातल्या बोड्या उतारावरून येणाऱ्या पाण्याने भरतात. बागेतून फेकलेले जिवंत पेर त्याच पाण्याबरोबर तिथे पोहोचू शकते. उष्ण कटिबंधीय अमेरिकेतून आलेली बेशरम (आयपोमिया कार्निया) हे झुडूप आहे, आच्छादक नव्हे. पण तिचा धडा बागेलाही लागू पडतो. गुरे तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाला लावलेल्या या झुडपाच्या फांद्या पाण्याकाठी रुजल्या आणि तिने अनेक तलाव व्यापले. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर मच्छीमारांनी, भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साथीने, बेशरम उपटून तलावांत देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. हे काम मोठ्या कष्टाचे आहे, आणि त्याची कदर प्रत्येक बागेने करायला हवी. मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील वेडेलियाही जगातील १०० अतिउपद्रवी परकीय जातींच्या यादीत आहे. तलाव, नाला वा जंगल जवळ असेल तेथे ती लावू नये.

छाटणीची विल्हेवाट : छाटलेल्या वेली फरशीवर कडक उन्हात कुरकुरीत होईपर्यंत वाळवून मगच खतखड्ड्यात टाकाव्यात. पावसाळ्यात त्या बंद पोत्यात कुजवाव्यात. नाल्यात, बोडीत किंवा धुऱ्यावर कधीही टाकू नयेत.