गोळीच्या पाकिटातील कागद

संततिनियमनाच्या गोळीविषयी आपल्या मंडळात कुजबुज पुष्कळ होते, मोकळेपणाने बोलणे क्वचितच. विषय आपल्या जिवाचा आहे; म्हणून स्मरणिकेसाठी मी या गोळीचाच थोडा इतिहास लिहीत आहे.

१९५६ साली पोर्तो रिको बेटावर रिओ पिएद्रास येथे या गोळीची पहिली मोठी चाचणी सुरू झाली. तेथील डॉ. एड्रिस राइस-रे या बाईंनी शेकडा १७ स्त्रियांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी असा त्रास होतो, असे तेव्हाच कळविले होते. ते फारसे मनावर घेतले गेले नाही. १९६० साली अमेरिकेत ‘एनोव्हिड’ ही गोळी संततिनियमनासाठी मंजूर झाली आणि लवकरच लाखो स्त्रिया ती घेऊ लागल्या.

१९६१ साली इंग्लंडातील डॉ. जॉर्डन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात एक पत्र लिहिले. दुसऱ्या एका विकारासाठी हीच गोळी घेणाऱ्या एका परिचारिकेच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली होती. एका पत्राने काय सिद्ध होणार? परंतु अशा हकीकती वाढत गेल्या. १९६८ साली इनमन, व्हेसी व डॉल या ब्रिटिश संशोधकांनी गोळी आणि गुठळ्या यांचा संबंध आकड्यांनिशी दाखविला. गोळीतील इस्ट्रोजेनमुळे रक्त गोठविणारी द्रव्ये वाढतात. १९६९ च्या डिसेंबरात ब्रिटनमध्ये ५० मायक्रोग्रॅमहून अधिक इस्ट्रोजेनच्या गोळ्या टाळण्याचा सल्ला डॉक्टरांना देण्यात आला. सुरुवातीच्या एनोव्हिडमध्ये ते १५० होते!

१९७० च्या जानेवारीत अमेरिकेच्या सिनेटपुढे चौकशी झाली. डॉक्टर, शास्त्रज्ञ यांच्या साक्षी झाल्या. गोळी घेणाऱ्या एकाही स्त्रीला साक्षीला बोलाविले नव्हते. तेव्हा ॲलिस वुल्फसन आणि त्यांच्या मैत्रिणी सभागृहात उभ्या राहून जाब विचारू लागल्या. त्याच वर्षी तेथे गोळीबरोबर धोक्याची माहिती देणारा कागद घालण्याचे ठरले. मला या साऱ्या इतिहासात हीच गोष्ट फार मोलाची वाटते.

आज आपल्याकडील माला-एन गोळीत इस्ट्रोजेन ३० मायक्रोग्रॅम असते. निरोगी तरुण स्त्रीला धोका थोडा. गरोदरपणात व बाळंतपणानंतर गुठळीचा धोका त्याहून अधिक असतो. तथापि जिचा रक्तदाब वाढलेला आहे, जी पस्तिशीनंतरही विडी-सिगारेट ओढते, जिला पूर्वी गुठळी झाली आहे किंवा डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठते, तिने ही गोळी घेऊ नये. डॉक्टरांकडून दुसरा उपाय विचारून घ्यावा. गोळी चालू असता एका पोटरीस सूज व कळ आली, छातीत दुखले किंवा एकाएकी धाप लागली, तर घरकाम बाजूस ठेवून तत्काळ दवाखाना गाठावा.

भगिनींनो, गोळी सुरू करण्यापूर्वी रक्तदाब मोजून घ्या आणि पाकिटातील कागद वाचा. अक्षर बारीक असेल, तर मंडळात घेऊन या. आपण मिळून वाचू.