दुचाकी-दुरुस्तीचा व्यवसाय : शिक्षण आणि परिभाषा

घणसोली हे ठाण्याच्या खाडीच्या पूर्व किनाऱ्यावरील मूळचे आगरी वस्तीचे गाव. भातशेती, मिठागरे आणि मासेमारी ही या किनाऱ्यावरील उपजीविकेची जुनी साधने होत. १९६०नंतर ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहिले. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली व नव्या नगरासाठी निवडलेल्या ९५ गावांत घणसोलीचाही समावेश झाला. जमीन गेलेल्या गावातील तरुणाने कोणते कसब शिकावे आणि शिकलेले कसब सिद्ध कसे करावे, हा प्रश्न तेव्हापासून या पट्ट्यात उभा आहे. सायकल व मोटारसायकल दुरुस्तीचा व्यवसाय हे त्याचे बोलके उदाहरण होय.

महाराष्ट्रीयांच्या यंत्रोद्योगाच्या इतिहासात या व्यवसायाला आरंभीचे स्थान आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांचे बंधू रामचंद्रराव यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापन करीत. म्हणजे दुकान आणि विद्यालय ही दोन्ही शिक्षणस्थाने या एका व्यक्तीच्या ठिकाणी एकत्र आली होती. याच उद्योगातून पुढे लोखंडी नांगर निघाला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली.

पुढे मात्र या दोन शिक्षणस्थानांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९५० मध्ये केंद्र शासनाने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून ‘मेकॅनिक मोटार व्हेइकल’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकविला जाऊ लागला. परंतु शाळा अर्ध्यावर सोडलेला मुलगा दुकानातच शिकत राहिला. त्याला ना अभ्यासक्रम होता, ना प्रमाणपत्र.

त्या दुकानातील शिक्षणाची लेखी साधने विरळ असली, तरी त्याची भाषा हे एक भक्कम साधन आहे. ‘मिस्त्री’ हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून आला, ‘उस्ताद’ फारसीतून. दोहोंचा अर्थ जाणता गुरू. ‘ओव्हरहॉलिंग’चे दुकानात ‘ओव्हरऑइलिंग’ झाले. ही लोकव्युत्पत्ती अज्ञानाची खूण नव्हे. सायकल पूर्ण उकलून, छर्रे धुऊन, नवे वंगण भरणे हे ते काम. शब्द कानावाटे आला आणि हाताने त्यास अर्थ दिला. तसेच ‘पंक्चर काढणे’ व ‘चाकाचा आऊट काढणे’ हे प्रयोग पाहावेत. दोष ही वस्तूत रुतलेली बाब मानून ती ‘काढावयाची’, ही कल्पना ‘काटा काढणे’ या प्रयोगाशी जुळते. ‘दहा-अकराचा पाना’ मागताच तोच हाती देणे हा नवशिक्याचा पहिला पाठ. मिलिमीटरची मापे त्याला पुस्तकाआधी हातानेच कळतात. अर्थात या परिभाषेत ज्ञानाचा क्रम आहे. तिला केवळ अशुद्ध इंग्रजी म्हणून डावलणे शास्त्रीय ठरत नाही.

आज हा भेद अधिक जाचक झाला आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ही उत्सर्जनमर्यादा लागू झाली आणि नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटरची जागा बहुतांशी इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपणाने घेतली. इंजिनाचा आवाज ऐकून, स्क्रू किंचित फिरवून मिश्रण जुळविणारा कान येथे अपुरा पडतो; संवेदकांतील दोष वाचणारे उपकरण लागते. ते शिकण्यासाठी संस्थेत प्रवेश हवा, आणि तेथे पूर्वशिक्षणाचा दाखला विचारला जातो. वीस वर्षे दुकान चालविलेला मिस्त्रीही अशा वेळी कागदोपत्री अकुशल ठरतो.

२०१५ मध्ये आरंभ झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वी मिळविलेल्या कसबास मान्यता देण्याची तरतूद आहे. तिचे यश परीक्षेच्या भाषेवरही अवलंबून राहील. ‘ओव्हरहॉलिंगच्या पायऱ्या सांगा’ या प्रश्नापुढे गप्प राहणारा उमेदवार ‘ओव्हरऑइलिंग’ मात्र निर्दोष करून दाखवू शकेल. परीक्षकाला दोन्ही शब्द ठाऊक असले, तरच त्या मौनाला अज्ञान समजण्याची चूक टळेल. घणसोलीसारख्या गावांतील दुकानी परिभाषेचा संग्रह भाषाशास्त्रास उपयुक्त आहेच. ज्यांच्या हातातील कसबाला कागद मिळालेला नाही, त्यांना तो त्याहून अधिक उपयोगी पडेल.