हैदराबादची तीन स्टेशने आणि हिशोब मागणारे दोघे

हैदराबाद शहराची जुनी मोठी स्टेशने तीन: सिकंदराबाद, नामपल्ली आणि काचीगुडा. एकाच शहराला तीन का, हे शोधायला गेलो तेव्हा निजामाच्या राज्याचा जमाखर्चच समोर आला. मी मराठवाड्यातला. आमच्याकडे निजामाच्या रेल्वेविषयी दोनच सूर ऐकू येतात. कुणी म्हणतो, 'आपल्या' बादशहाने केवढे वैभव उभे केले. कुणी निजामाचे नाव निघताच आमच्याकडे बोट दाखवतो. मला दोन्ही सूर खोटे वाटतात.

1871 मध्ये मुंबई आणि मद्रासकडून आलेले लोहमार्ग रायचूरला जुळले. हा मार्ग निजामाच्या राज्यातल्या वाडीवरून जात होता. तिथून हैदराबादकडे फाटा निघावा, असा इंग्रजांचा आग्रह होता. 1874 मध्ये तो सुरू झाला आणि संपला सिकंदराबादला. चारमिनारचे शहर मुसी नदीकाठी, तर सिकंदराबाद हुसेनसागरच्या पलीकडे. तिथे इंग्रजांची लष्करी छावणी होती. पैसा निजाम सरकारचा आणि पहिली सोय छावणीची, असा तो व्यवहार होता.

पुढे हा मार्ग चांद्यापर्यंत, म्हणजे आजच्या चंद्रपूरपर्यंत, वाढवण्याची योजना आली. लंडनमध्ये कंपनी काढायची, तिचे भांडवल गुंतवणूकदारांनी द्यायचे आणि व्याजाची हमी निजाम सरकारने घ्यायची. तोटा झाला तर भरणार कोण? अर्थात रयत. 1883 मध्ये हैदराबादेत काही सुशिक्षितांनी या योजनेचा तपशील लोकांपुढे मांडा, अशी मागणी केली. त्यांत अघोरनाथ चट्टोपाध्याय होते, सरोजिनी नायडूंचे वडील. त्यांच्यासोबत मुल्ला अब्दुल कय्यूम होते. एक बंगाली ब्राह्मण, एक मुसलमान, आणि दोघांचा प्रश्न एकच: आमच्या पैशाचे काय करता? चट्टोपाध्यायांना राज्याबाहेर घालवले गेले. कंपनी मात्र आलीच. तिचे नाव 'निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे'. त्या नावातला 'गॅरंटीड' हा शब्द हमीचाच आहे.

मराठवाड्याची रेल्वे त्यानंतरची. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत हैदराबादकडे जाणारा गोदावरी खोऱ्याचा मार्ग 1899 ते 1901 या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाला. तो मीटर गेजचा होता आणि मुंबईचा मार्ग ब्रॉडगेजचा. म्हणून मुंबईला जाणाऱ्याला मनमाडला गाडी बदलावी लागे. बोचकी, ट्रंका, लेकरे सांभाळत फलाट गाठण्याचा हा त्रास थेट 1990 च्या दशकापर्यंत, रुंदीकरण होईपर्यंत टिकला.

नामपल्लीचे स्टेशन 1907 चे, जुन्या शहराच्या त्या मानाने जवळचे. काचीगुडा 1916 चे. व्हिन्सेंट एश या इंग्रज वास्तुविशारदाने त्याचा आराखडा केला. मधला घुमट, बाजूचे घुमट आणि मिनार पाहिले की राजवाडाच वाटावा. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांसाठी हैदराबाद सुरू होई ते याच दारातून.

1930 मध्ये निजाम सरकारने रेल्वे कंपनीकडून विकत घेतली. म्हणजे ज्या मार्गासाठी रयतेने हमी वाहिली, तो ताब्यात घ्यायलाही पुन्हा तिजोरीच उघडावी लागली. 1951 मध्ये ही रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली. 1966 मध्ये दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय सिकंदराबादला आले.

त्या तिजोरीत परभणीच्या कुणब्याचा सारा होता, तसा औरंगाबादच्या मोमिनाचा करही होता. त्यामुळे काचीगुड्याच्या घुमटाचा गर्व एकट्या मुसलमानाने करू नये आणि निजामाच्या कारभाराचा जाबही एकट्या मुसलमानाला विचारू नये. आमच्या मुलांना निजामाची नावे पाठ असतात. मुल्ला अब्दुल कय्यूम मात्र ठाऊक नसतात. वारसा निवडायचाच असेल, तर मी हिशोब मागणाऱ्याचा निवडेन.