चैत्रातले बर्फ

देहूरोडला माझ्या गच्चीवरून घोराडेश्वराचा डोंगर दिसतो. त्यावर बर्फ पडलेले कोणी पाहिले नाही. आमचे बर्फ गोळेवाल्याच्या रंध्याखालचे. पण हे गाव लष्करी. हिमकड्यांविषयी मला जे कळले ते शेजारच्या निवृत्त सुभेदारांकडून. एकदा ते म्हणाले, "गुरुजी, पौषातल्या वादळाला सगळेच भितात. चैत्रातल्या उन्हाला कोणी भीत नाही."

मग त्यांनी समजावले. बर्फ डोंगरावर थराथराने साचते, भाकऱ्यांच्या चवडीसारखे. मध्ये एखादा थर साखरेसारखा भुसभुशीत राहतो. वसंतात दुपारी वरचे बर्फ वितळते, पाणी खाली झिरपते आणि कणाकणांतली पकड सुटते. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार असला की सारी चवड एकदम घसरते. रात्री तेच बर्फ गोठून घट्ट होते. म्हणून जाणता माणूस पहाटे निघतो आणि ऊन चढण्याआधी उतार सोडतो.

हे ज्ञान स्वस्तात मिळालेले नाही. 1922 च्या जूनमध्ये एव्हरेस्टवर वादळ होऊन गेले, आकाश निवळले. दोनच दिवसांत मॅलरी, दोन साथीदार आणि चौदा हमाल उत्तर खिंडीकडे निघाले. वाटेतल्या एका लहान उतारावर त्यांनी बर्फ पारखून पाहिले. ते हलले नाही. 7 जूनच्या दुपारी वरचा उतार सुटला. सात हमाल गेले, साहेब तिन्ही वाचले. मॅलरीने दोष स्वतःकडे घेतला हे खरे. पण त्याचे नाव शाळेतल्या पोरालाही ठाऊक, त्या सातांपैकी एकाचे तरी आपण सांगू शकतो काय?

आपल्याकडे 1969 साली मनालीस हिमस्खलनाच्या अभ्यासाची संस्था निघाली. तरी 1979 च्या मार्चमध्ये लाहौल खोऱ्यात हिमकड्यांनी दोनशेहून अधिक माणसे नेली. 3 फेब्रुवारी 2016 रोजी सियाचेनवर दहा जवान गाडले गेले. त्यांत एक साताऱ्याच्या माण तालुक्यातला होता. ज्या माणदेशाने पावसाची वाट पाहत पिढ्या काढल्या, तिथला तरुण बर्फाखाली गेला!

हे मी बोललो तेव्हा सुभेदार घोराडेश्वराकडे पाहत होते. "तुमच्या डोंगरांत तरी निराळे काय आहे?" ते म्हणाले. मला भाजे आठवले. लेण्यांखालचे ते गाव इथून फार दूर नाही. 1989 च्या जुलैत पावसाने माती फुगली आणि दरड गावावर आली. 39 माणसे गेली. इथे बर्फाच्या जागी माती आणि उन्हाच्या जागी पाऊस, इतकाच फरक. मग 2014 साली आंबेगाव तालुक्यातले माळीण. 30 जुलैच्या सकाळी एस.टी.चा चालक नेहमीप्रमाणे गाडी घेऊन आला, आणि रस्त्याच्या टोकाला त्याला गावच दिसेना.