भिंतीच्या पासचं घराणं

बिल मॅक्रॅकन आणि पीटर मॅकविल्यम. पहिला बेलफास्टचा, दुसरा स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसचा, आणि दोघंही इंग्लंडच्या न्यूकॅसल युनायटेडचे. मॅक्रॅकन उजवा फुलबॅक, १९०४ साली आलेला. मॅकविल्यम डावा हाफ, १९०२ पासून १९११ पर्यंत खेळलेला. म्हणजे सात वर्षं ही दोन माणसं एकाच मैदानावर सराव करत होती. फुटबॉलच्या इतिहासात दोघांची नावं दोन वेगळ्या प्रकरणांत येतात. मॅक्रॅकनचं नाव ऑफसाइडच्या सापळ्यापाशी, मॅकविल्यमचं टॉटनहॅम क्लबच्या मॅनेजरांच्या यादीत. ही दोन प्रकरणं मी शेजारी ठेवून वाचली, तेव्हा आज सतरा-अठरा वर्षांच्या मुलांकडून जगभर घोटून घेतल्या जाणाऱ्या एका सरावाचं मूळ मला तिथे दिसलं. तो सराव म्हणजे भिंतीचा पास, मैदानावरच्या बोलीत ‘वन-टू’.

सराव दिसायला साधा असतो. चेंडू घेतलेला खेळाडू समोरच्या बचावपटूवर चाल करून जातो. बाजूला साथीदार उभा असतो, तो भिंत. चाल करणारा त्याच्याकडे चेंडू देतो आणि तत्क्षणी बचावपटूच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत धावतो. भिंत झालेला साथीदार पहिल्याच स्पर्शात चेंडू त्या जागेत परत ढकलतो. दोन पास, एक धाव, आणि बचावपटू खेळाबाहेर. कोल्हापूरच्या पेठांतल्या तालीम संघांपासून बार्सिलोनाच्या अकादमीपर्यंत हल्ला शिकवणारा कोणताही कोच याला वगळून पुढे जात नाही.

याचा शोध कोणी लावला? रूढ उत्तर आहे आर्थर रो. टॉटनहॅममध्येच जन्मलेला, टॉटनहॅमकडूनच खेळलेला हा माणूस १९४९ मध्ये त्या क्लबचा मॅनेजर झाला. चेंडू ढकला आणि पळा, या त्याच्या पद्धतीने संघाने १९४९-५० मध्ये दुसरा विभाग जिंकला आणि लगेच पुढच्या वर्षी पहिला. पोरं गल्लीत भिंतीवर चेंडू मारून परतीचा चेंडू पळत घेतात, त्यावरून रोला ही कल्पना सुचली, असं सांगितलं जातं. गोष्ट गोड आहे आणि तिच्यात खरेपणाचा अंश नक्की आहे. पण भिंतीवर चेंडू मारणारी पोरं फुटबॉलइतकीच जुनी. मग ही युक्ती १९४९ पर्यंत का थांबली, याला ती गोष्ट उत्तर देत नाही.

त्यासाठी ऑफसाइडच्या नियमाकडे जावं लागतं. १८६३ च्या पहिल्या नियमांत चेंडूच्या पुढे असलेला प्रत्येक साथीदार ऑफसाइड होता, त्यामुळे पुढे पास देण्याचा प्रश्नच नव्हता. १८६६ मध्ये नियम सैल झाला. पास मिळणाऱ्या खेळाडूच्या पुढे, गोलरेषेकडे, विरुद्ध संघाचे निदान तीन खेळाडू असले म्हणजे झालं. ग्लासगोच्या क्वीन्स पार्क क्लबने या मोकळिकीत आपापसांत चेंडू फिरवायचा खेळ वाढवला. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी इंग्लंड-स्कॉटलंड हा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, तेव्हा स्कॉटलंडचे सगळे खेळाडू क्वीन्स पार्कचेच होते. अंगाने भारी इंग्रजांना त्यांनी गोल करू दिला नाही. पासिंगचा मान आपला आहे, असं रॉयल इंजिनिअर्स या इंग्लंडच्या लष्करी संघाच्या बाजूनेही म्हटलं जातं, पण स्कॉटिश परंपरा पुढे जितकी पसरली तितकी ती पसरली नाही.

आता मॅक्रॅकन. तीन खेळाडूंच्या नियमात एक फट होती आणि ती त्याने नेमकी हेरली. गोलरक्षक मागे, एक फुलबॅक मागे, आणि दुसऱ्या फुलबॅकने ऐन वेळी चार पावलं पुढे टाकली, की त्याच्या पाठीमागे राहिलेल्या फॉरवर्डपुढे दोनच माणसं उरतात. शिट्टी वाजते. म्हणजे सापळा एकटा माणूस लावू शकत होता, आणि चुकलाच तर दुसरा फुलबॅक मागे राखणीला होताच. १९०७ पासून आपल्या अर्ध्या भागात कोणी ऑफसाइड ठरेनासा झाला, तरी हा सापळा मध्यरेषेच्या जवळ सरकून चालूच राहिला. इतर क्लबांनी तो उचलला, खेळ मैदानाच्या मधल्या पट्ट्यात अडकू लागला, आणि शेवटी १९२५ मध्ये तीनऐवजी दोन खेळाडूंचा नियम आला. परिणाम पाहा: इंग्लंडच्या पहिल्या विभागात १९२४-२५ च्या हंगामात ११९२ गोल झाले होते, पुढच्या हंगामात १७०३.

हा सापळा मोडायचा कसा? पुढे उभ्या असलेल्या फॉरवर्डकडे लांब चेंडू टाकणं म्हणजे सापळ्यात पाय घालणं. पण नियमात एक दार पहिल्या दिवसापासून उघडं होतं. चेंडूच्या मागे असलेला माणूस कधीच ऑफसाइड होत नाही. मग मागून आलेल्या हाफने चेंडू साथीदाराला द्यावा, स्वतः न थांबता धावावं आणि चेंडूच्या रेषेत पोचता पोचता तो परत घ्यावा. रेषेवरच्या पंचाला झेंडा उचलायला जागाच उरत नाही. शिवाय पुढे पाऊल टाकलेल्या फुलबॅकचा सगळा भार चुकीच्या दिशेला असतो. तो वळेपर्यंत धावणारा दहा यार्ड पुढे. भिंतीचा पास हा ऑफसाइडच्या सापळ्यावरचा उतारा आहे, आणि तो नेमका ज्याला लागतो तो खेळाडू म्हणजे मागून येणारा हाफ.

मॅकविल्यम हाफ होता. स्कॉटिश पासिंगमध्ये वाढलेला. आणि ज्याने तो सापळा शास्त्रासारखा बसवला, त्याच माणसाबरोबर सात वर्षं रोज सराव करणारा. न्यूकॅसलने या काळात १९०५, १९०७ आणि १९०९ असे तीन वेळा लीगचं विजेतेपद मिळवलं, १९१० मध्ये एफए कपही जिंकला. सरावात दोन बाजू पडत असणार, आणि मॅकविल्यम कितीतरी वेळा मॅक्रॅकनच्या विरुद्ध बाजूला उभा राहिला असणार. सापळ्याची खरी परीक्षा शनिवारी परक्या संघापुढे होण्याआधी आठवडाभर घरातच होत होती, आणि उताराही घरातच शोधला गेला. हा माझा तर्क आहे आणि मी तो ठामपणे मांडतो.

१९१२ च्या अखेरीस मॅकविल्यम टॉटनहॅमचा मॅनेजर झाला. १९२१ मध्ये त्याने एफए कप जिंकला. पण त्याचं मोठं काम चषकांच्या कपाटात दिसत नाही. क्लबच्या पोरांनी वरच्या संघासारखंच, जमिनीलगत छोटे पास देत खेळावं, हा त्याचा आग्रह होता. टेम्सकाठी केंट परगण्यातला नॉर्थफ्लीट हा संघ टॉटनहॅमची रोपवाटिका झाला. अठराच्या आसपासची पोरं तिथे मुरायला ठेवली जात. आर्थर रो तिथून आला. नंतर स्वतः टॉटनहॅमचा मॅनेजर झालेला बिल निकल्सनही तिथूनच आला. मॅकविल्यम १९२७ मध्ये सोडून गेला, १९३८ मध्ये परत आला, तेव्हा वरच्या संघात पाय रोवू पाहणाऱ्यांमध्ये निकल्सन होता आणि विक बकिंगहॅमही.

रोच्या पद्धतीचं मूळ हंगेरीत आहे, असं मानणारा एक पक्ष आहे. त्यांचा मुद्दा हलका नाही. १९३९ मध्ये रो हंगेरीत प्रशिक्षकांना शिकवायला गेला होता आणि महायुद्ध पेटल्यामुळे परतला. हंगेरीने २५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ हरवलं, त्या खेळात असल्या तिकोनी देवघेवी भरून होत्या. रोच्या टॉटनहॅममधला आल्फ रॅमझी त्या दिवशी इंग्लंडकडून खेळत होता. पण हंगेरीला हे कोणी शिकवलं? बुडापेस्टच्या एमटीके क्लबला घडवणारा पहिला परदेशी कोच जॉन टेट रॉबर्टसन हा स्कॉटिश. त्याच्यानंतरचा जिमी होगन लँकशायरचा, पण फुलहॅममध्ये स्कॉटिश साथीदारांबरोबर खेळून तो ढंग उचललेला. ऑस्ट्रियाचा राष्ट्रीय संघ घडवणाऱ्या व्हिएन्नाच्या ह्यूगो माइस्लचाही सल्लागार तोच. वेम्बलीच्या विजयानंतर हंगेरियनांनी श्रेय मोकळेपणाने होगनला दिलं. म्हणजे हंगेरी हे मूळ नव्हे, त्याच झाडाची दुसरी फांदी. रो तिथे गेला आणि त्याला आपल्या लहानपणचीच भाषा ऐकू आली.

आणि हंगेरी पक्षाचं आणि गल्लीतल्या भिंतीच्या गोष्टीचं, दोन्हींचं उत्तर एका माणसात आहे. विक बकिंगहॅम १९३५ ते १९४९ टॉटनहॅमकडून खेळला. रो मॅनेजर म्हणून आला त्याच वर्षी त्याचा खेळ संपला, म्हणजे रोच्या त्या गाजलेल्या संघात तो नव्हता. तरीही त्याने पुढे वेस्ट ब्रॉमविचमध्ये जो संघ उभा केला तो असाच खेळला आणि १९५४ चा एफए कप घेऊन गेला. रोकडून न घेता बकिंगहॅमकडे हे आलं असेल, तर झरा रोच्या आधीचा आहे. तो मॅकविल्यमपाशी जातो.

बकिंगहॅम पुढे कुठे गेला ते पाहिलं की या कुळाचा विस्तार लक्षात येतो. १९५९ मध्ये तो नेदरलँड्समधल्या आयाक्सचा कोच झाला, १९६४ मध्ये पुन्हा. त्या दुसऱ्या खेपेत, १५ नोव्हेंबर १९६४ रोजी, त्याने एका सतरा वर्षांच्या पोराला पहिल्यांदा मैदानात उतरवलं. तो योहान क्रायफ. १९६९ मध्ये बकिंगहॅम बार्सिलोनात पोचला, १९७१ चा स्पॅनिश चषक जिंकला आणि जागा रिनस मिशेल्सला मिळाली. पाठोपाठ क्रायफ आला, आधी खेळाडू म्हणून आणि १९८८ मध्ये कोच म्हणून. बार्सिलोनाच्या रिंगणातल्या सरावाचं, रोंडोचं, श्रेय लाउरेआनो रुईस या स्पॅनिश प्रशिक्षकाकडे जातं आणि ते त्याच्याकडेच राहू द्यावं. पण रिंगण चेंडू राखायला शिकवतं. रेषा फोडायला शिकवतो तो भिंतीचा पास, आणि तो तिथे टॉटनहॅमच्या वाटेनेही पोचला होता.

दक्षिण अमेरिकेचा दावा वेगळा आहे आणि मला तो आदराने घ्यावासा वाटतो. स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत याला ‘पारेद’, म्हणजे भिंत, म्हणतात. ब्राझीलमध्ये ‘ताबेला’, लाडाने ‘ताबेलिन्या’. सांतोसमधल्या पेले आणि कुतिन्यो या जोडीने ते नाव अजरामर केलं. आता ताबेला म्हणजे काय यावर दोन मतं होतात, कारण बिलियर्ड्सच्या टेबलाची कड हीही ताबेला आणि बास्केटबॉलच्या जाळीमागचा फळाही ताबेला. मी बिलियर्ड्सच्या बाजूचा. फळ्यावर आपटलेला चेंडू जाळीत जायचा असतो, मारणाऱ्याकडे यायचा नसतो. बिलियर्ड्समध्ये मात्र सगळा हिशेब कोनाचा: चेंडू ज्या कोनात कडेला लागेल त्याच कोनात पुढे सुटेल. पेलेच्या पासमध्ये तोच हिशेब आहे. इंग्रजीतलं ‘वन-टू’ मुष्टियुद्धातलं, डावा-उजवा ठोसा. त्यात वेग आहे, कोन नाही. ब्राझीलने ही युक्ती स्वतंत्रपणे शोधली असेल, हे मी मान्य करतो. सरावाच्या रूपात बांधून ती पिढ्यांमागून पिढ्यांना देण्याचं काम मात्र टॉटनहॅमच्या घराण्याने केलं.

ही साखळी नवी मुंबईपर्यंत आली आहे. २५ ऑक्टोबर २०१७ रोजी डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला. स्पेनने मालीला ३-१ हरवलं. स्पेनचा कर्णधार आबेल रुईस बार्सिलोनाच्या अकादमीतला, दोन गोल त्याचे.

आता आपल्या मैदानांवरचं पाहू. बहुतेक ठिकाणी या सरावात बचावपटूच्या जागी नारिंगी शंकू ठेवतात. बारा वर्षांच्या पोराला पायांची हालचाल कळण्यापुरतं ते चालेल. सोळा ते एकोणीसच्या मुलांना त्याने नुकसान होतं. शंकू पुढे येत नाही, त्यामुळे पास कधी सोडायचा हे मुलाला कळतच नाही आणि तो दहा यार्डांवरूनच चेंडू देऊन मोकळा होतो. बचावपटू हलला नाही तर पास द्यायचा नसतो, चेंडू घेऊन सरळ घुसायचं असतं, हा निर्णयही शंकू शिकवत नाही. आणि भिंत झालेला मुलगा परतीचा चेंडू धावणाऱ्याच्या पायात देतो, त्याच्या पुढ्यातल्या जागेत नाही, कारण तिथे झेंडा उचलणारं कोणी नसतं. ज्या माणसामुळे हा सराव जन्मला, तो पुढे पाऊल टाकणारा फुलबॅकच आपण त्यातून काढून टाकला आहे.

प्रशिक्षकांना माझी विनंती आहे. पुढच्या सरावात शंकू उचला आणि तिथे एक जिवंत फुलबॅक उभा करा, शक्यतो संघातला सर्वांत हुशार. त्याच्या मागे फक्त गोलरक्षक ठेवा, कारण आजच्या दोन खेळाडूंच्या नियमात मागे आणखी एक साथीदार राहिला तर सापळा लागत नाही, आणि त्याला वाटेल तेव्हा पुढे सरकून सापळा लावायची मोकळीक द्या. बाजूच्या रेषेवर एका मुलाला झेंडा देऊन उभं करा. ऑफसाइड झाला तर गोल धरू नका. दर काही मिनिटांनी भूमिका बदला, म्हणजे हल्ला करणाऱ्याला सापळा आतून कळेल.