चार मिनिटांचं ॲप आणि नऊ मिनिटांचा खो-खो

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

सुरुवात आमच्या नागापूरपासून. दिवाळीत घरी गेलो होतो. संध्याकाळी गच्चीवर गेलो, तर नववीतला भाचा मोबाईल पाण्याच्या टाकीला टेकवून उड्या मारत होता. वीस सेकंद उड्या, बीप, दहा सेकंद थांबायचं, परत बीप.

"काय रे, काय चाललंय?"

"मामा, हिट आहे हे. चार मिनिटांत तासाभराचा व्यायाम होतो."

"आणि शाळेत पीटीचा तास?"

"त्यात गणित घेतात."

मला आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. कारण माझ्या दहावीतही हेच झालं होतं. वेळापत्रकात पीटी लिहिलेलं असायचं आणि फळ्यावर त्रिकोणमिती. पुढे बीटेक झालं, नोकरी लागली, दिवसाला दहा तास खुर्ची. सव्विसाव्या वर्षी मीही असंच ॲप घेतलं, वॉर्मअप न करता सुरू केलं आणि तिसऱ्या मिनिटाला बाथरूम गाठलं. म्हणून या भागात बघूया, की हे "जोरात पळा, थांबा, परत पळा" नेमकं आलं कुठून.

युरोपात १९३०च्या दशकात जर्मनीत प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि डॉक्टर हर्बर्ट राइंडेल यांनी धावपटूंच्या हृदयाचे ठोके मोजून ही पद्धत बसवली. थोडं अंतर वेगात, मग ठोके खाली येईपर्यंत विश्रांती, मग पुन्हा. गेर्शलरच्या तालमीतला रुडॉल्फ हार्बिग १९३९ मध्ये ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावला. तो विश्वविक्रम होता. नंतर चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक ४०० मीटरच्या फेऱ्यांमागून फेऱ्या मारायचा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन, तिन्हींचं सुवर्ण त्यानेच नेलं.

आणि भाच्याचं वीस-दहा? ते जपानचं. इझुमी ताबाता यांचा अभ्यास १९९६ मध्ये छापून आला. स्पीड स्केटिंगच्या प्रशिक्षकांची ही पद्धत त्यांनी प्रयोगशाळेत तपासली. आता इथे नीट लक्ष द्या, कारण ॲप हे सांगत नाही. प्रयोगातली मुलं क्रीडाशिक्षण घेणारी तरुण होती. सायकल यंत्रावर, आधी वॉर्मअप करून, सात-आठ फेऱ्यांत पूर्ण दमेपर्यंत जोर लावत होती. आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. त्यातल्या एका दिवशी अर्धा तास मध्यम गतीचा व्यायामही होता. निकाल खरंच जबरदस्त होता: तासभर मध्यम व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटाची फक्त ऑक्सिजन वापरायची क्षमता वाढली, या गटाची तीही वाढली आणि दम लागल्यावरही जोर लावायची ताकदही वाढली. पण गच्चीवरच्या उड्या म्हणजे तो प्रयोग नव्हे. नववीतल्या पोराने पहिल्याच दिवशी तसं करूही नये. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

बरं, आता महाराष्ट्रात या. खो-खोबद्दल महाभारतापर्यंतच्या गोष्टी सांगतात, त्या बाजूला ठेवू. कागदावरचा इतिहास पुण्यात सुरू होतो. १९१४ मध्ये डेक्कन जिमखान्याने या खेळाचे नियम बांधायला घेतले. पुढे बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने आणि मग अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने त्यात भर घातली. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळही १९१४ चंच. त्यांचं पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आलं.

या मंडळींना ऑक्सिजनचं गणित मांडायचं नव्हतं. त्यांना पोरांच्या अंगात बळ हवं होतं, आणि तेही बॅट-रॅकेट विकत न घेता. पण गल्लीतल्या खेळाला घड्याळ लावलं, मैदान आखलं, आणि त्यातून काय तयार झालं बघा.

आठ जण ओळीत बसलेले, शेजारच्याच्या उलट दिशेला तोंड करून. नववा पाठलाग करतो. त्याला मागे फिरता येत नाही, मधली रेषा ओलांडता येत नाही. म्हणजे काही सेकंद जीव तोडून धावायचं, पाठीमागून "खो" द्यायचा आणि त्याच जागी बसायचं. बसलेलाही आराम करत नसतो, उठायच्या तयारीत असतो. पळणारे तीन-तीनच्या तुकडीत येतात. नऊ मिनिटं झाली की पाच मिनिटं विश्रांती, मग बाजू बदलून पुन्हा नऊ.

जोर, थांबा, जोर. हे इंटरव्हलच आहे! फरक एवढाच, की बीप फोन देत नाही, मित्र देतो.

हिशोब करा: ९ + ५ + ९ म्हणजे २३ मिनिटं. ३५ मिनिटांच्या तासात एक डाव बसतो, वर वॉर्मअपला १२ मिनिटं उरतात. साहित्य म्हणाल तर दोन खांब आणि फक्की.

एक खोट आहे, तीही सांगतो. कच्चा खेळाडू पहिल्या मिनिटाला बाद होतो आणि मग बघत बसतो, म्हणजे ज्याला गरज जास्त तोच कमी पळतो. त्यावर उपाय सोपा: छोटी दोन मैदानं, कमी खेळाडू आणि बाद झालेल्याला पुन्हा आत घ्यायचं. सामना नको, तास हवा.

हे आत्ता का बोलतोय? जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस ती जोराची असावी. २०१९ मध्ये संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांची आकडेवारी मांडली: ११ ते १७ वयातली ८१ टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नव्हती. मुलग्यांत ७८ टक्के, मुलींत ८५.

तो मुलींचा आकडा मला आमच्या घरातच दिसला. भाची सातवीत आहे. फोन दादाचा, त्यामुळे ॲपही दादाचं. ती जिन्यात उभी राहून बघत होती. दुसऱ्या दिवशी मी दोन बांबू आणि फक्की घेऊन घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर गेलो. गल्लीतली नऊ-दहा पोरं जमली. भाचीला कुणी पकडूच शकेना. हुलकावणी द्यायची, खांबाला वळसा घालायचा आणि पसार! भाचा तिसऱ्या खोलाच गुडघ्यांवर हात ठेवून उभा.

"मामा, हे ॲपपेक्षा अवघड आहे."

"आणि तू तर बसतोयस मधे मधे," भाची म्हणाली.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही भारताने जिंकले. कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे. भाचीला मी अंतिम सामन्याचे व्हिडिओ दाखवले. तिने फक्त एकच विचारलं: "आमच्या शाळेत का नाही घेत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ताईला म्हटलं, पालकसभेत एवढंच विचार, की आठवड्यातले पीटीचे तास पीटीलाच मिळतील का. ती जाणार आहे.

तुमच्या शाळेत पीटीच्या तासाला काय व्हायचं? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. आणि हा भाग इअरफोन लावून पडल्या पडल्या ऐकत असाल, तर उठा आता. भेटू!